मंगळवारच्या तारखा

त्या मंगळवारात लक्षात राहण्यासारखं काही नव्हतं. म्हणूनच की काय, पुढचे अकरा दिवस सुलक्षणाला तो बारीकसारीक तपशिलांसकट आठवत राहिला.

सकाळी साडेसातला तिनं जळगावच्या स्टँडवर धुळ्याची बस पकडली. कॉलेजच्या ग्रंथालयात रजेचा अर्ज आदल्या दिवशीच टाकला होता, कारणाच्या रकान्यात 'घरगुती काम'. चार वर्षांत ते कारण तिनं एकदाही बदललं नव्हतं. बस हलायच्या आधी तिनं जांभळा स्कार्फ डोक्यावरून घेऊन नाकावर गच्च बांधला. या रस्त्यानं जाणाऱ्या निम्म्या मुली तसाच बांधायच्या, उन्हासाठी, धुळीसाठी. त्यामुळे आपण लपतोय हे कुणाच्या ध्यानात यायचं नाही.

एरंडोलला आबा चढले. टोपी, पांढरा शर्ट, काखेत बियाण्याच्या कंपनीची हिरवी पिशवी. त्यांनी लेकीकडे पाहिलं नाही, लेकीनं त्यांच्याकडे. दोन बाकं मागे जाऊन बसले. पारोळ्यापर्यंत बसमध्ये गावचं कोण निघेल याचा नेम नसे. पारोळा मागे पडलं की ते उठत, तिच्या बाकापाशी येत आणि परक्या बाईला म्हणावं तसं म्हणत, "सरका बाई थोडं." ती स्कार्फच्या आत हसायची. ही गेल्या दोन वर्षांतली गोष्ट. त्याआधी हसायची नाही.

घरी सगळ्यांना ठाऊक होतं, की आबा कोर्टाच्या तारखेला धुळ्याला जातात. आजोळाकडून आलेल्या दीड एकराची केस होती, खरीच होती. पण तिचा निकाल लागून चार वर्षं झाली होती. विरुद्ध लागला होता. आबांनी तो निकाल घरी सांगितलाच नाही, कारण ज्या आठवड्यात तो लागला त्याच आठवड्यात त्यांना धुळ्याला जायला दुसरं कारण लागलं.

तेव्हा सुलक्षणा जळगावात नोकरीला नवीन होती. आबा गावातून रोज सकाळी एसटीनं डबा पाठवायचे, ड्रायव्हरच्या केबिनमध्ये ठेवून. शेजारच्या खोलीतली मुलगी तो स्टँडवरून आणून तिच्या दाराशी ठेवायची. मग रिकामे डबे परत येईनात. एक दिवस आबा स्वतःच आले. खोलीत आठ डबे एकावर एक, न उघडलेले. सुलक्षणा कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडलेली. काय झालं, असं त्यांनी विचारलं नाही. आठही डबे न्हाणीत नेले, उघडले आणि घासले. वास जाईना म्हणून घरमालकिणीकडून चिंच मागून आणली, पुन्हा घासले, गच्चीवर उन्हात पालथे घातले. मग म्हणाले, "चल." कुठे, ते त्यांनाही तेव्हा माहीत नव्हतं. एवढंच माहीत होतं, की जळगावात नको. जळगावात डॉक्टरच्या पायरीवर आपलं निम्मं गाव भेटेल.

त्या मंगळवारी देवपुरातल्या डॉक्टर बाईंनी गोळी निम्म्यावर आणली. "झोप लागतेय, जेवण होतंय, काम होतंय. थोडी कमी करून बघू. पण बंद नाही हं, आपल्या मनानं तर मुळीच नाही." आबांनी मान डोलावली, जणू गोळी तेच घेत होते. बाहेर आल्यावर कोपऱ्यावरच्या दुकानातून पावशेर पेढे घेतले. तिथंच, रस्त्यात, एक पेढा तिच्या तोंडापाशी धरला.

"आबा, लोक बघताय."

"बघू दे. तोंड बांधेल बाईला कोण ओळखतं?"

तिनं स्कार्फ खालून जरासा उचलला आणि पेढा खाल्ला.

परतीला पारोळ्यात ते पुन्हा दोन बाकं मागे गेले. एरंडोलला उतरले, बसच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली. तोच त्यांचा निरोप असायचा. गोळ्या तिच्या पर्समध्ये, फाइल त्यांच्या पिशवीत. खोलीवर कुणी बघायला नको म्हणून फाइल नेहमी तेच नेत. दुसऱ्या दिवशी सकाळी कापसाच्या वेचणीला बाया लावून ते बांधावर बसले, आणि बाया ओळ संपवून परत आल्या तेव्हा बसल्या जागीच कलंडलेले होते. छातीतलं दुखणं. डॉक्टर म्हणाले, काही मिनिटांचा खेळ झाला असेल.

*

अकराव्या दिवशी, शनिवारी, दारावर येणारी माणसं कमी झाली. उद्या गंधमुक्ती. सगळे भाऊबंद जमायचे, सुतक फिटायचं. मागच्या अंगणात आचाऱ्याची भट्टी लावून झाली होती, गव्हाची पोती आली होती. घरात मात्र दोन दिवसांपासून कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. सुलक्षणा कुठल्याही खोलीत शिरली की बोलणं थांबत होतं, आणि दर वेळी तिच्या मनात तेच येत होतं. कळलं. यांना कळलं.

फाइल तिनं पहिल्याच दिवशी शोधून काढली होती. आबा ती पोथीच्या बासनात ठेवत. ते बासन श्रावणात तेच सोडत आणि एरवी त्याला कुणी हात लावत नसे. फाइलवर आबांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'केस.' तिनं ती आपल्या कपड्यांच्या बॅगेत तळाशी घातली होती. चार वर्षांत ती तिनं कधी हातात घेऊन पाहिली नव्हती. या अकरा दिवसांत पाहिली. आतल्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं सगळ्या तारखा ओळीनं लिहिल्या होत्या आणि प्रत्येक तारखेपुढे एकदोन शब्द. गप्प. गप्प. गप्प. रडली. अर्धी पोळी. गप्प. कादंबरीचं बोलली. पूर्ण पोळी. हसली. शेवटच्या मंगळवारापुढे 'गोळी निम्मी', आणि त्याखाली, बहुधा घरी येऊन, 'पेढा'.

ते वाचून ती रडली नाही. घाईघाईनं फाइल मिटली आणि बॅगेची चेन ओढली, कारण जिन्यात पाय वाजले होते.

तो भूषण होता, नानांचा मुलगा. नाना म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, नवल, दूध सोसायटीचे सेक्रेटरी. भूषण पुण्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. दिवाळीला घरी आला तो परत गेला नव्हता. माडीवरच्या खोलीत पडून असायचा. घरात कुणी त्याला आळशी म्हणे, कुणी म्हणे फोननं बिघडला. खालून वर गेलेलं ताट तसंच खाली येताना सुलक्षणानं या अकरा दिवसांत सहा वेळा पाहिलं होतं. ती मोजत होती, आणि गप्प बसत होती.

"ताई," तो दारातच उभा राहिला. दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं. "त्या गोळीनं झोप येते का?"

"कोणती गोळी?"

"तू माठामागे उभी राहून घेते ती. परवा कव्हर खाली पडलं होतं. मी फोनवर नाव टाकून पाहिलं."

तिनं आवाज खाली आणला. "कुणाला सांगितलं?"

"कोणाला सांगू? आहे कोण?" तो भिंतीला टेकला. "दे ना एक."

"नाही. दुसऱ्याची गोळी घ्यायची नसते, भूषण. तुला कोणती लागेल, लागेल की नाही, ते डॉक्टर ठरवतात."

"मग डॉक्टरचं नाव सांग." त्याचा आवाज अगदी सपाट होता, दुकानात साबण मागावा तसा. "पौर्णिमेला मला भगताकडे नेताय. पप्पांनी गाडी सांगून ठेवलीय. मी चाललो असतो गं. मला काय, कुठंही बसवा. पण सकाळी डोळा उघडला की वाटतं, कशाला उघडला. हे भगताला कसं सांगायचं?"

ती सपाट वाट तिच्या चांगल्या ओळखीची होती. तिच्यावरून ती चालून आली होती. आठ डबे न उघडता. आता तिला फक्त दोन वाक्यं बोलायची होती. पण खालून नानांचा आवाज आला, "सुलक्षणा, खाली ये," आणि ती म्हणाली, "नंतर बोलू."

भूषणनं मान हलवली. राग नाही, काही नाही. हे उत्तर त्याला अपेक्षितच असावं. जिना उतरताना तिला स्वतःची शिसारी आली, पण भीती त्याहून मोठी होती. भीतीला एक चेहराही होता. गल्लीतली मेघा पहूरला दिली होती, तिच्या उशीखाली सासरच्यांना अशाच गोळ्या सापडल्या आणि महिन्याच्या आत तिला माहेरी आणून सोडली. त्या दिवशी आई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होती. शेजारणीला म्हणाली होती, "अशी येडी पोर पोटी येण्यापेक्षा कूस रिकामी राहिलेली बरी." सुलक्षणा दाराआड उभी होती. तिच्या ओढणीच्या गाठीत तेव्हा दुसऱ्या महिन्याच्या गोळ्या होत्या.

*

खाली पुढच्या खोलीत आबांचा फोटो भिंतीला टेकून ठेवला होता. हार ताजा होता, कालच्यासारखाच आजही तो अक्कानंच घातला होता. आई, सुनंदाबाई, फोटोकडे पाठ करून बसली होती. अक्का म्हणजे कमलबाई, आबांची मोठी बहीण, भडगावला दिलेली. ती पदरानं डोळे पुसत आईच्या मांडीवर हात ठेवून होती. खुर्चीवर गावातला रुपचंद बसला होता. त्याचं एरंडोलला फवारणीच्या औषधांचं दुकान, मालासाठी धुळ्याला येणं-जाणं. तो कुणाकडेच पाहत नव्हता.

"बस," नाना म्हणाले. "तू शिकलेली आहे, घरात मोठी आहे. तुला आज ना उद्या कळणारच. मी गुरुवारी धुळ्याला जाऊन आलो. म्हटलं दादा गेला, केस आपण बघितली पाहिजे. वकील हसला मला. म्हणे, चार वर्षं झाली निकाल लागून."

सुलक्षणा खाली बसली.

"कोर्टाची तारीख कधी सोमवारी पडते, कधी गुरुवारी. आपल्या दादाची पडायची दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी. मी जन्मभर सोसायटीत तारखा लिहिल्या, आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही." नानांनी रुपचंदकडे हात केला. "सांग तू."

"मला नका ना मधे घेऊ, नाना."

"घेतलेलाच आहे मी तुला. सांग."

रुपचंदनं घसा साफ केला. "देवपुरात पाहिलं आबांना. तीनदा. एक बाई बरोबर. तरणी. तोंडाला जांभळा फडका बांधेल. मी हाक मारणार होतो, पण..." तो थांबला. "गेल्या वेळी आबा तिला पेढा भरवत होते. रस्त्यात. आता माणूस गेला, मी बोलायला नको होतं. पण नानांनी खोदून विचारलं."

"मना भाऊ तसा नही व्हता," अक्का म्हणाली. मग जरा वेळानं, "पन रुपचंद तरी खोटं कसाले बोली?"

भीतीनं माणूस किती हिशेबी होतो. सुलक्षणाला पहिल्यांदा जे वाटलं ते हे, की यांना कळलेलं नाही. ती सुटली होती. बॅगेतली फाइल आज उद्या चुलीत घालता येईल. आबांवर एक डाग राहील, आणि आबांना आता काय फरक पडतो? तेच म्हणाले असते, तुझं नाव कुणाच्या तोंडी नको. हा विचार पुरता होण्याआधीच तिला तिच्या आईची पाठ दिसली.

"सकायले बठ्ठा भाऊबंद येतीन," अक्का म्हणत होती. "ती बाई दारमा यी उभी ऱ्हायनी म्हंजे?"

"म्हणून तर बोलावलं," नाना म्हणाले. "मी आणि रुपचंद आत्ताच निघतो. गल्ली त्यानं पाहिलीय. तिला शोधू, काय ते तिथंच मिटवू. इथं आली तर भूषणच्या, सुलक्षणाच्या लग्नाला पुढे कोण उभं राहील?"

"येऊ द्या तिला," आई म्हणाली. दोन दिवसांत ती पहिल्यांदाच बोलत होती. "मला बघायचीय. चौतीस वर्षं मी त्यांचा हात ताटाला लागल्याशिवाय जेवले नाही. दर महिन्याला तारीख म्हणून दशम्या बांधून द्यायची मी. चार दशम्या मागायचे. मी म्हणायची, एका माणसाला चार कशाला. म्हणायचे, वकील पण खातो." तिनं पदर तोंडाला लावला आणि काढला. "तिला खाऊ घालत होते माझ्या हातच्या. उद्या मी फोटोसमोर बसणार नाही. तुम्ही करा काय करायचं ते."

"वहिनी, असं नका करू. लोक काय म्हणतील?"

"आत्तापर्यंत लोक काय म्हणतील म्हणूनच बसली ना मी?"

"खाय वं माय, दोन घास खाय आधी," अक्का म्हणाली. आईनं तिचा हात मांडीवरून उचलून बाजूला ठेवला.

त्या दशम्या दुधात मळलेल्या असायच्या, तीळ लावलेल्या. बसमध्ये पारोळ्यानंतर आबा त्या फडक्यातून काढायचे. अर्धी पोळी, पूर्ण पोळी. सुलक्षणा उठली.

"कुठं चालली?" नाना.

ती उत्तर न देता माडीवर गेली. बॅगेतून फाइल काढली, दोरीवरचा स्कार्फ ओढला. भूषण आपल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसला होता. तिच्या हातात काय आहे ते पाहून उभा राहिला. "चल," ती म्हणाली. कुणाचा शब्द आपण वापरतोय हे तिला एक पायरी उतरल्यावर कळलं.

पुढच्या खोलीत तिनं फाइल आईच्या पुढ्यात जमिनीवर ठेवली. मग रुपचंदसमोर उभी राहून स्कार्फ डोक्यावरून घेतला, नाकावरून नेला, मागे गाठ मारली. गाठ दोनदा सुटली.

"रुपचंदकाका, बघा बरं. हीच होती का?"

रुपचंदनं स्कार्फ पाहिला, मग डोळे पाहिले, मग मान खाली घातली. "अरे देवा," तो पुटपुटला.

"ती मी होते," सुलक्षणा म्हणाली. कापडातून आवाज घुसमटला, म्हणून तिनं गाठ सोडायला हात मागे नेला. गाठ सुटेना. शेवटी तिनं स्कार्फ तसाच गळ्यात ओढून घेतला. "ती बाई मी होते. त्या गल्लीत डॉक्टर आहेत. मनाच्या आजारांच्या. आबा मला घेऊन जायचे."

नानांना हे काही क्षण समजलंच नाही. "तुला? तुला कसला आजार? तू तर नोकरी करते."

"तुले काय व्हयनं माय?" अक्का म्हणाली. "तू त चांगली शे."

"गोळ्या घेते म्हणून चांगली आहे, अक्का."

"हळू बोल," नाना उठले आणि त्यांनी दार लोटलं. "रुपचंद, तू जा आता. आणि इथलं बोलणं..."

"बसू द्या त्यांना, नाना. आबांना त्यांनी पाहिलं, तर हेही त्यांनीच ऐकलं पाहिजे. उद्या विचारलं कुणी, तर खरं सांगतील." ती सगळ्यांकडे वळली. "नैराश्य म्हणतात त्याला. मी आठ दिवस जेवले नव्हते. तुम्हाला सांगितलं तर मलाही भगताकडे नेलं असतं. भूषणला नेताय तसं."

"भूषणचं काय मधे? त्याले बाहेरनं शे ते," अक्का म्हणाली.

"बाहेरचं नाही," भूषण दारातून म्हणाला. खोलीतल्या सगळ्यांनी मान वळवली. किती दिवसांत त्याचा आवाज खाली आला नव्हता. "पप्पा, मला ताईबरोबर जायचंय. गाडी नको सांगू."

नानांनी मुलाकडे पाहिलं, दाढीकडे, ढिल्या झालेल्या शर्टाकडे, आणि ते पुन्हा आपल्या जागेवर बसले.

आईनं फाइल उघडली होती. तिला वाचायला वेळ लागायचा, बोट लावून वाचायची. बोट पुठ्ठ्यावरच्या पेन्सिलीच्या ओळींवरून खाली सरकत होतं. गप्प. गप्प. अर्धी पोळी. तिथं ते थांबलं आणि बराच वेळ हललं नाही. मग शेवटच्या ओळीपर्यंत गेलं. तिनं फोटोकडे वळून पाहिलं. हार जरा तिरका झाला होता, तो सरळ केला.

"चार वर्षं," ती म्हणाली. फोटोला म्हणाली की लेकीला, ते कळलं नाही. "चार वर्षं मी दशम्या करून देत होते. मला सांगितलं असतं तर पाच दिल्या असत्या." मग ती सुलक्षणाकडे वळली. डोळे लाल होते, पण आवाज पक्का होता. "त्यांना सांगितलं. मला का नाही सांगितलं? मी आई नव्हती का तुझी?"

सुलक्षणा तिच्यासमोर खाली बसली. गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. तिनं आयुष्यात पुष्कळ वाचलं होतं, अशा वेळी माणसं काय बोलतात ते शेकडो पानांवर पाहिलं होतं. त्यातलं एकही वाक्य आता जवळ आलं नाही.

"मेघाला पहूरहून आणून सोडलं त्या दिवशी तू शेंगा सोलत होतीस," ती म्हणाली. "तू शेजारच्या मावशीला जे बोललीस ते मी दाराआडून ऐकलं. माझ्या ओढणीत तेव्हा गोळ्या बांधलेल्या होत्या."

आईनं फाइल मिटली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"मला तुझी भीती वाटायची, आई," सुलक्षणा म्हणाली. "अजून वाटते."